‘नको ते’ शिकवा

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि या आठवड्यात ऑन-कॉल दुसराच कुणीतरी आहे. तेव्हा जरा भांडून घेतो.

विषय लैंगिक शिक्षण. ज्यांच्या तोंडून आत्ताच ‘अरे बापरे’ निघालं, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं. हे मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

आमच्या शाळेत प्रजननाचा धडा ‘घरी वाचून घ्या’ या सदरात मोडायचा. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘शाळेत शिकवतील’. दोन टीम एकच तिकीट एकमेकींकडे ढकलत राहतात आणि शेवटी ते कुणीच सोडवत नाही, तसलाच प्रकार. मधल्या वेळेत पोरं आपलं आपण शिकतात. पूर्वी पिवळ्या पुस्तकांतून शिकायची, मग हॉस्टेलवर फिरणाऱ्या पेन ड्राइव्हमधून. २०१६ साली जिओ आल्यावर तर तीही गरज उरली नाही. म्हणजे ‘मुलांना शिकवायचं की नाही’ हा प्रश्न निकालात निघालेला आहे, शिक्षण चालूच आहे. प्रश्न एवढाच की शिक्षक कोण? तुम्ही, की पॉर्न?

आता थोडा इतिहास. २००५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये महाराष्ट्राने त्यावर बंदी घातली, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक यांनीही तेच केलं. चित्रं अश्लील आहेत, संस्कृती बुडेल, वगैरे वगैरे. पुढे २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको असाच सूर लावला. आता योगायोग बघा. त्याच २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून बाल-अत्याचारांवर अहवाल काढला. त्यातल्या निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. आणि अत्याचार करणाऱ्यांत ओळखीची, विश्वासातली माणसं मोठ्या संख्येने होती.

म्हणजे एकाच वर्षात एका सरकारी कागदाने सांगितलं की घर पेटलंय, आणि दुसऱ्याने सांगितलं की ‘आग’ हा शब्द मुलांसमोर उच्चारू नका. ज्या मुलाला स्वतःच्या अवयवाचं नाव घ्यायची चोरी, ते ‘काकांनी काय केलं’ हे सांगणार तरी कुठल्या शब्दांत?

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

आक्षेप पहिला: शिकवलं की मुलं करून बघतील. हे ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, पण आहे चूक. युनेस्कोने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये जगभरातल्या संशोधनाचा आढावा घेऊन मार्गदर्शक तत्त्वं काढली. निष्कर्ष असा की अशा शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध ठेवायला लागत नाहीत. ज्ञान आणि वापरली जाणारी साधनं मात्र सुधारतात. आणि एक सांगा, नागरिकशास्त्र शिकून किती पोरं आमदार झाली?

आक्षेप दुसरा: ही आपली संस्कृती नाही. कुणाची नाही? र. धों. कर्वे काय लंडनचे होते? गणिताचा हा प्राध्यापक १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होता आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होता, तेही मराठीत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्याची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले. आजही गडचिरोलीत डॉ. राणी बंग ‘तारुण्यभान’ शिबिरं घेतात. ही सगळी आपलीच माणसं. फक्त सोयीचं नसलं की आपण त्यांना संस्कृतीतून वगळतो.

आक्षेप तिसरा: पुस्तकात आहे की! आहे. दहावीच्या विज्ञानात आकृत्या आहेत, टेस्ट ट्यूब बेबी आणि सरोगसीसुद्धा आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाचे प्रश्न सरोगसीचे नसतात हो! ‘माझं शरीर नॉर्मल आहे का’, ‘ती नाही म्हणाली तर पुन्हा विचारायचं का’, ‘त्याने फोटो मागितलाय, काय करू’ हे त्याचे-तिचे प्रश्न. आकृतीला नावं देऊन दोन मार्क मिळतात, या प्रश्नांची उत्तरं नाही मिळत.

संमती हा शब्द मला अधिकृतपणे पहिल्यांदा कुणी शिकवला माहितीये? कंपनीच्या एचआरने. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा आहे, त्याचं ऑनलाइन ट्रेनिंग. वीस स्लाइड, दहा प्रश्न, पास व्हायला ऐंशी टक्के. बाविसाव्या वर्षी, शेजारच्या टॅबमध्ये दुसरं काम करता करता, ‘पुढे’ बटण दाबत. जी गोष्ट पाचवीपासून हळूहळू रुजायला हवी, ती आम्ही थेट प्रॉडक्शनवर टेस्ट करतो. मग बग सापडतात ते कुणाच्या तरी आयुष्यात.

आणि हे शिक्षण द्यायचं तर सगळ्यांना द्या. पाळीची माहिती द्यायची म्हणून मुलींना वेगळ्या वर्गात नेतात आणि मुलांना ग्राउंडवर पिटाळतात, तेव्हा मुलगे त्या दिवशी एवढंच शिकतात की हा चेष्टेचा विषय आहे. ज्या मुलाला मुलगेच आवडतात, त्याचं काय? कलम ३७७ बाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला, प्रौढांमधले समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. वर्गात मात्र तो मुलगा अजून फक्त विनोदातच असतो. २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, आरडाओरडा झाला आणि ती काही दिवसांत संकेतस्थळावरून गायब! गतिमंद, अंध, कर्णबधिर मुलांबद्दल तर ‘त्यांना कशाला हे’ म्हणून विषयच संपवतात. खरं म्हणजे अत्याचाराचा धोका त्यांनाच जास्त.

नुसतं शिकवूनही भागत नाही, पाठीशी कुणीतरी लागतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतल्यांची संमती कायद्याला मान्य नाही. म्हणजे सतरा वर्षांची दोन पोरं प्रेमात पडून पुढे गेली तरी प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. हे त्यांना कुणी सांगितलेलं असतं का? शिवाय माहिती कळली की पोलिसांना कळवणं सक्तीचं, त्यामुळे डॉक्टरही बिचकतात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढी वाट काढली की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. पण हे माहीत असणार किती जणींना? ती जाणार कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, ओढणीने तोंड झाकून. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत, १०९८ ही चाइल्डलाइन आहे. तुमच्या मुलांच्या शाळेच्या भिंतीवर यातलं काही लिहिलंय का, जाऊन बघा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं. पाचात एक! यांना लग्नात ढकलताना आपली संस्कृती लहान वयाचा विचार करत नाही. माहिती द्यायची म्हटलं की मात्र ‘अजून लहान आहे हो’.

असो. चिडचिड पुरे, काम सांगतो. पुढच्या पालकसभेत फी आणि बस यांच्यानंतर एक प्रश्न विचारा: आमच्या मुलांना हे कोण शिकवणार, कितवीपासून, आणि काही घडलं तर मुलाने शाळेत कुणाकडे जायचं? सगळे तुमच्याकडे वळून बघतील. बघू देत. तुम्हाला पाच मिनिटं अवघडल्यासारखं होईल, एवढंच. नाहीतर तेच अवघडलेपण तुमची पोरगी किंवा पोरगा एकट्याने वर्षानुवर्षं वागवत बसेल.