बोबड्या बोलांचे वकीलपत्र

दोन वर्षांचे मूल बोलू लागले की घराला एक नवा उद्योग मिळतो. पूर्वी तो ऐकण्याचा होता, हल्ली प्रदर्शनाचा झाला आहे. आमच्या चोपड्यात सांजवेळी पाहुणा ओसरीवर टेकला, की मुलाला पुढे ओढून आणतात आणि उलटतपासणी सुरू होते : ‘नोज कुठे? आईज कुठे? अंकलना काऊ दाखव पाहू!’ मध्यंतरी एका घरी असा प्रश्न होताच त्या चिमुकल्याने माडावर बसलेल्या कावळ्याकडे बोट दाखविले. मंडळी पोट धरून हसली. ‘काऊ म्हणजे हम्मा रे!’ अशी दुरुस्तीही झाली, आणि मूल गोंधळून आईच्या पदराआड गेले. आमच्या मते त्या साऱ्या मंडळीत बरोबर उत्तर देणारे ते एकटेच होते.

मुलाच्या बोलण्याला हसू नये असे आम्ही म्हणत नाही. न हसणारा मनुष्य आम्हांस तरी संशयास्पदच वाटतो. आमची तक्रार हसण्याच्या एका विशिष्ट जातीविरुद्ध आहे. मुलाची गंमत वाटून हसणे निराळे. घरची बोली त्याच्या तोंडून पाहुण्यांसमोर बाहेर पडली म्हणून ओशाळून हसणे निराळे. या दुसऱ्या हसण्यातून मूल एकच गोष्ट शिकते, आणि ती म्हणजे आजीची भाषा लपवावयाची असते.

मूल चुकते, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. शेजारच्या एका घरात आई कोल्हापूरकडची आणि आजी इथलीच, त्यामुळे नातीच्या कानांवर मराठी आणि कोकणी दोन्ही पडतात. एके सकाळी ती आजीला म्हणाली, ‘बाबा जाला.’ आजीचा कान कोकणी. तिने विचारले, ‘कितें जालो गो बाये?’ नात गंभीरपणे उत्तरली, ‘बस!’ बाप बसने पेडण्यास गेला होता, आजीच्या लेखी तो बस झाला. घरात दिवसभर तोच विषय चालला होता. परंतु ‘जाला’ हा शब्द त्या मुलीला कोणी शिकविला? कोणीच नाही. ‘बसला’, ‘पडला’, ‘उठला’ ऐकून तिने नियम काढला आणि तो ‘जा’ या धातूला लावला. ‘करला’ आणि ‘येला’ म्हणणारी मुलेही हेच करतात. १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को या विदुषीने लहान मुलांना मुद्दाम बनविलेले निरर्थक शब्द दिले, तेव्हा पूर्वी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दांची अनेकवचने मुलांनी नियमानुसार करून दाखविली. मूल पोपटपंची करीत नाही, ते कायदा लावते. अपवाद तेवढे त्याला अजून ठाऊक नसतात. आमच्या व्यवसायात अशी माणसे थोडी असती तर बरे झाले असते.

दुसरा आरोप आजीवर असतो. ‘मम्मं’, ‘भुर्र’, ‘जोजो’, ‘माऊ’ या शब्दांनी ती मुलाची भाषा बिघडविते म्हणे! १९६४ साली अशोक रा. केळकर यांनी नेमक्या या मराठी बाळबोलीवर शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली, त्यांत मराठी एक होती. एकमेकींचे तोंड न पाहिलेल्या समाजांतही मोठी माणसे बालकाशी सोपे, पुनरुक्त शब्द योजतात आणि सूर चढवून बोलतात असे आढळले. अशा बोलण्याकडे मुलाचे ध्यान लागते. मामलेदारासमोर ‘मम्मं’ मागणारा प्रौढ गृहस्थ आमच्या पाहण्यात नाही. उलट आरतीचे शब्द मोडून म्हणणारी मोठी माणसे प्रत्येक देवळाच्या सभामंडपात दिसतात, त्यांस कोणी दुरुस्त करीत नाही!

आता आमच्याच मंडळींकडे वळू. मुलाने ‘माका जाय’ म्हटले की कोकणीचा अभिमानी खुलतो, ‘मला पाहिजे’ म्हटले की मराठीचा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीस राजभाषा केले आणि मराठीच्या शासकीय वापरास वाव ठेवला. तरी दोन्ही पक्ष त्या दुधाच्या दातांना साक्षीस बोलावीत आहेतच. पेडणे महालात चुलीजवळ कोकणी आणि देवळात, भजनात, पोथीत मराठी हा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. दोन भाषांनी मूल गोंधळते हे मत संशोधनास टिकलेले नाही. कोणाशी कोणती भाषा बोलावी हे ते फार लवकर ओळखते. आम्ही पुढच्या दाराशी हद्दीचा दावा लढवीत राहिलो आणि मागच्या दाराने ‘नोज’ आणि ‘आईज’ घरात येऊन बसले.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या ३५०क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे अशी सोय राज्यांनी करावयाची आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तोवर मातृभाषेतूनच शिकवा म्हणतो. ६ मे २०१४ रोजी कर्नाटकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरविले, की मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवावे, शासनाने माध्यमाची सक्ती करू नये. सक्तीवरील हे बंधन आम्हांस मान्य आहे. पण ज्याच्या जिभेविषयी हा सारा वाद, तो या दाव्यात पक्षकारच नाही! पालकांस हक्क मिळाला, तो ओसरीवर कसा बजावला जातो हे पाहण्यास कोणतेही न्यायालय येणार नाही.

‘पण पुढे इंग्रजी लागतेच ना?’ लागते. आम्हांसही लागली. तिची आमची ओळख मराठी शाळेतच झाली आणि न्यायालयात तिने आजवर दगा दिलेला नाही. पुढे शाळेत शिकता येईल ते दुसऱ्या वर्षी मुलाच्या तोंडात कोंबण्याची घाई मुलाला नसते, ती पाहुण्यांसमोर मिरविणाऱ्यांस असते. अलीकडे त्यात मोबाईलची भर पडली आहे. मूल शब्दाशी झटत असते, आई ‘पुन्हा म्हण, पुन्हा म्हण’ म्हणून चित्रण करते आणि संध्याकाळपर्यंत तो बोबडा शब्द मुंबईपासून मस्कतपर्यंतच्या आप्तांत फिरतो. मुलाने मात्र काही तरी मागितलेले असते. ते काय होते, हे एवढ्या गडबडीत कोणी विचारीत नाही.