विदेशी सून : अक्षता पडल्या, नोंदणीचं काय?

यवतमाळ जिल्ह्यातला पोरगा परदेशात नोकरीला गेला आणि तिकडचीच मुलगी पसंत केली, तर गावात मांडव पडतो. पण सरकारदरबारी मोजली जाते ती नोंदणी. दोघांचे धर्म वेगळे असले, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यात नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम हवा; नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबणं. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसत नाही.

सुनेला भारतात कायम ये-जा करायला, राहायला ओसीआय कार्ड लागतं. ते लग्नाची नोंद होऊन सलग २ वर्षं झाल्यावरच मागता येतं. नोंदणी लांबली की सून व्हिसावरच. कार्ड मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून मुहूर्त काढण्याआधी विवाह अधिकाऱ्याकडे चौकशी केलेली बरी.