संगणक काढला, तर नवं काय उरतं?

तापीला पूर आला की बुऱ्हाणपूरकर राजघाटावर येऊन नदीतल्या दगडी हत्तीकडे बघतात. पाणी त्याच्या पायाशी आहे की पाठीवर चढलंय, यावरून पुराचा अंदाज बांधतात. आता हेच काम कॅमेऱ्यावर सोपवा: हत्ती किती बुडाला ते मोजायचं आणि पाणी ठरलेल्या खुणेवर गेलं की मोबाइलवर संदेश धाडायचा. मी या गावात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. माझ्याकडे शिकणारी पोरंसुद्धा हे करून दाखवतील. अशा गोष्टीवर कुणी वीस वर्षांची मक्तेदारी मागितली, तर ती देता कामा नये.

ही भीती हवेतली नाही. अमेझॉनला १९९९ साली अमेरिकेत ‘एका क्लिकवर खरेदी’चं पेटंट मिळालं. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि कार्डाचा तपशील आधीच नोंदवून ठेवायचा, म्हणजे दर खेपेला विचारायला नको. ओळखीच्या गिऱ्हाइकाचं खातं वहीत ठेवणारा किराणावाला वेगळं काय करतो? तरी त्या जोरावर अमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्याला कोर्टात खेचलं. पेटंट २०१७ साली मुदत संपेपर्यंत टिकलं.

हळदीचं प्रकरण आपण विसरलेलो नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले, तेव्हा कुठे १९९७ साली ते रद्द झालं. घरोघरी ठाऊक आहे, एवढ्याने भागलं नाही, कागद लागला. सॉफ्टवेअरच्या धंद्यात तो कागदच सापडत नाही. छोट्या ऑफिसात रोज वापरली जाणारी युक्ती कोण छापून ठेवतं?

म्हणून आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) जपायला हवं. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला किंवा अल्गोरिदमला ते शोध मानत नाही. २००४च्या अध्यादेशाने त्याला पाडलेलं भगदाड संसदेने २००५मध्ये बुजवलं. पेटंट देण्याआधी कुणालाही हरकत घेता येते, हीसुद्धा आपली मोठी ढाल. पण पूर्वी फुकट असलेल्या या हरकतीला २०२४च्या नियमांनी फी लावली. बड्या कंपनीला ती जाणवतही नाही. माझ्यासारखा मात्र दारातूनच परततो.

सरकारने ही फी रद्द करावी. आणि अर्ज तपासणाऱ्याने प्रत्येक वेळी विचारावं: संगणक बाजूला काढला, तर यात नवं काय उरतं? काही उरत नसेल, तर अर्ज तिथेच फेटाळावा.