नाव नको, प्रश्न सांग!

मैत्रिणींनो, २०२५ साली आपल्या बीड जिल्ह्यात एक छोटीशी, पण लक्षात राहण्याजोगी गोष्ट घडली. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. पाटीवर फक्त पहिलं नाव. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यात जातीजातींमधला ताण वाढला होता. तक्रार घेऊन आलेल्या माणसानं पोलिसाचं आडनाव वाचून "हा आपला का त्यांचा" हे ठरवू नये, असा त्यामागचा हेतू.

ही बातमी आमच्या बचत गटाच्या बैठकीत निघाली, तेव्हा बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "मंग वळखायचं कसं माय?" तिचं बरोबरच होतं. आपल्याकडे दारात आलेल्या पोरीला पाणी देण्याआधी "कोणाची गं तू?" हे विचारलं जातं. कोणाची लेक, कोणाची सून, कोणत्या गावची, हे कळलं की मग तिचं बोलणं किती मनावर घ्यायचं ते ठरतं. तिनं काय विचारलं, हे सगळ्यात शेवटी!

म्हणूनच आज मला एका वेगळ्याच जगाबद्दल लिहायचं आहे. इंटरनेटवर अशा जागा आहेत, जिथे एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसं गणित, विज्ञान, तत्त्वज्ञान यांवर तासन्‌तास वाद घालतात. कित्येक जण खरं नाव लावत नाहीत, काही ठिकाणी तर कोणतंच नाव लावत नाहीत. बाई की पुरुष, प्राध्यापक की दहावी नापास, काही कळत नाही. समोर असतो तो फक्त प्रश्न. "कसली ही टवाळखोरी" असं आपल्याला वाटेल. पण यातूनच एकदा खरोखरचं गणित जन्माला आलं. त्याची गंमत ऐका.

जपानी कार्टूनची एक मालिका होती. चौदा भागांची, आणि तीही उलटसुलट क्रमानं दाखवलेली. फोरचॅन नावाच्या संकेतस्थळावर २०११ साली कुणीतरी विचारलं, हे चौदा भाग शक्य त्या प्रत्येक क्रमानं बघायचे असतील, तर कमीत कमी किती भाग बघावे लागतील? रिकामटेकडा प्रश्न वाटतो ना? आता तो आपल्या स्वयंपाकघरात आणू या. वांगी, मेथी आणि दोडका अशा तीन भाज्या आहेत. त्या लागोपाठ तीन दिवसांत सहा वेगवेगळ्या क्रमांनी करता येतात. प्रत्येक क्रमाला तीन दिवस धरले, तर अठरा दिवस होतात. पण वांगी, मेथी, दोडका, वांगी, मेथी, वांगी, दोडका, मेथी, वांगी असं केलं तर? नऊच दिवसांत सहाही क्रम येऊन जातात! कागदावर लिहून, लागोपाठच्या तीन-तीन नावांवर बोट ठेवत बघा. एका क्रमाची शेपटी दुसऱ्याचं तोंड बनते.

तीन भाज्यांचं हे झालं. कितीही भाग असले, तरी अमुक एका आकड्याच्या खाली जाताच येणार नाही, हे त्या जागी एका निनावी माणसानं सिद्ध करून दाखवलं. चौदा भागांसाठी तो आकडा आहे ९३ अब्ज ८८ कोटी ४३ लाख १३ हजार ६११. रोज एक भाग पाहिला, तर पंचवीस कोटींहून जास्त वर्षं लागतील. पुढे सात वर्षं ती सिद्धता इंटरनेटच्या ढिगाऱ्यात पडून राहिली. २०१८ मध्ये गणितज्ञांच्या नजरेला पडली, त्यांनी ती तपासली, खरी निघाली. मग त्यांनी रीतसर शोधनिबंध लिहिला आणि पहिल्या लेखकाच्या जागी नाव टाकलं, 'फोरचॅनवरचा अनामिक'. तो कोण, हे अजूनही जगाला माहीत नाही. कदाचित ती बाईही असेल!

असं म्हणायला कारण आहे. फ्रान्समध्ये १७७६ साली जन्मलेली सोफी जर्मेन ही मुलगी गणितानं वेडी होती. पॅरिसच्या नव्या पॉलिटेक्निक संस्थेत मुलींना प्रवेश नव्हता. तिनं तिथल्या व्याख्यानांच्या नोंदी मिळवल्या आणि 'लब्लाँ' या पुरुषाच्या नावानं आपलं लेखन लाग्रांज या मोठ्या गणितज्ञाकडे पाठवलं. १८०४ पासून जर्मनीतल्या गाउसशीही ती याच नावानं पत्रव्यवहार करत होती. १८०७ मध्ये गुपित फुटलं, तेव्हा गाउसनं तिचं मनापासून कौतुक केलं. पण खरं नाव लावून तिनं पहिलं पत्र टाकलं असतं, तर ते उघडून वाचलं गेलं असतं का?

म्हणजे नाव लपवणं हा दर वेळी भित्रेपणा नसतो. जिचं नावच तिच्या आड येतं, तिच्यासाठी ती एक वाट असते. आमच्या किशोरी मुलींच्या बैठकीत आम्ही एक पत्र्याचा डबा ठेवतो. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, एवढीच अट. तोंड उघडून विचारा म्हटलं, की सगळ्या माना खाली घालतात. पण डबा उघडला की काय काय निघतं! "शून्यानं भागलं तर उत्तर का येत नाही?" "पाळीत देवाला शिवलं की देव बाटतो, तर देव मोठा कसा?" "मेल्यावर आपल्याला आपण मेलो हे कळतं का?" पहिला प्रश्न गणिताचा, बाकीचे दोन तत्त्वज्ञानाचे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' रचला, त्यांची समाधी ज्या अंबाजोगाईत आहे, त्याच जिल्ह्यातल्या पोरी या! प्रश्न त्यांच्याजवळ आहेतच, विचारायला जागा नाही.

पण म्हणून निनावी बोलणं सगळं चांगलंच, असं नाही. ज्या फोरचॅनवर ती सिद्धता सापडली, तेच संकेतस्थळ अश्लीलता, शिवीगाळ आणि बायकांच्या छळासाठी कुप्रसिद्ध आहे. तोंड झाकलं की काहींची जीभ सैल सुटते. शिवाय आणखी एक बारीक मुद्दा आहे. त्या अनामिकाचं गणित टिकलं, कारण ते कुणीही तपासू शकत होतं. भाज्यांचा क्रम जसा आपण बोट ठेवून तपासला, तसंच. गणिताचं उत्तर आपला पुरावा सोबत घेऊन येतं, सांगणारा कोण याला तिथे महत्त्व नाही. पण "माझ्या पोटात दुखतंय, काय करू?" याचं उत्तर तसं तपासता येतं का? तिथे चुकलं तर भोगावं लागतं ते आपल्या शरीराला. अशा वेळी उत्तर देणारा कोण, त्याचं शिक्षण काय, उद्या तो सापडेल का, हे विचारलंच पाहिजे.

याबाबतीत महाराष्ट्रानं एक फार चांगला धडा घालून दिलेला आहे, तो आपण विसरलो. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्यांना नोकरी गमवावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत चालवलं. शरीराबद्दल, कामजीवनाबद्दल घरात कुणाला विचारता येत नाहीत असे प्रश्न वाचक पत्रानं विचारत आणि कर्वे शास्त्राच्या आधारानं छापील उत्तरं देत. १९३४ साली या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लोक शंका विचारतात, त्यांना शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा कसा, अशी बचावाची बाजू होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी मासिक थांबलं नाही. विचारणारा पडद्याआड राहिला तरी चालेल, उत्तर देणाऱ्यानं मात्र स्वतःच्या नावानं पुढे यायचं आणि किंमतही स्वतःच मोजायची, ही ती रीत.

मे २०२५ मध्ये आपल्याला सोडून गेलेले डॉ. जयंत नारळीकरही याच रीतीचे. शाळेतली मुलं सही मागायला आली, की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न विचारून पाठवा, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल. अनोळखी पोरांना ते खरोखर उत्तरं पाठवत. सही मिळायची ती उत्तराखाली!

हे सगळं मी एवढं सांगते आहे ते कशासाठी? कारण विचारायला जागा नसली की काय होतं, ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार २०१९ मध्ये देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक! कितीतरी जणी तरण्याताठ्या होत्या. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय, एवढ्यावरून "कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली. त्यात कोयत्यावर खाडा पडला की पैसे कापले जातात, फडावर ना संडास ना आडोसा. बाई म्हणाली, काढून टाका एकदाची ब्याद.

अंगावरून जाणं बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर हाडं अकाली ठिसूळ होऊ लागतात. "हे काढलंच पाहिजे का? दुसरा इलाज नाही का? नंतर काय त्रास होईल?" हे तीनच प्रश्न होते. पण नवऱ्यासमोर, मुकादमासमोर, डॉक्टरसमोर ते विचारायची सोय नव्हती. विचारलं तर "लई शहाणी झालीस" हे ऐकावं लागणार. लाजेनं गिळलेले ते प्रश्न म्हणजे विज्ञानाचेच प्रश्न होते, मैत्रिणींनो.

आता घराघरात मोबाइल आहे. लेकी-सुना रात्री पांघरुणात तोंड घालून तिथे प्रश्न विचारतात. आता तर अनोळखी माणसाऐवजी एआय नावाचं यंत्रच झटपट उत्तर देतं. ते ऐटीत बोलतं, पण चुकलं तर त्याला कोणत्या पत्त्यावर गाठणार? म्हणून मोबाइल हिसकावून घेऊ नका, पण फरक शिकवा. गणिताचं, विज्ञानाचं उत्तर मिळालं की वही-पेन घेऊन ताडून बघ. तब्येतीचं उत्तर मिळालं, तर त्यातून डॉक्टरला काय विचारायचं एवढंच शिक, गोळी मात्र नाव-पदवी असलेल्या माणसाकडूनच घे. शस्त्रक्रिया सांगितली तर तपासण्यांचे कागद मागून घे आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखव. आणि प्रश्न विचारायला फोटो किंवा फोन नंबर मागणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबव.

आणि आपणही एक करू या. शाळेत, अंगणवाडीत, बचत गटात एक-एक डबा ठेवू या. निनावी चिठ्ठ्या येऊ देत. उत्तरं द्यायला मात्र गावातल्या आशाताई, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, विज्ञानाचे मास्तर यांना नावानिशी बोलवू या. परवाच्या बैठकीत "मंग वळखायचं कसं?" म्हणणाऱ्या त्या म्हातारीनं जाता जाता मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "माझी बी एक चिठ्ठी हाय, लिहून देशील का?" मी लिहून दिली. खाली नाव टाकलं नाही.