दुकानं २४ तास, बार मात्र दीडला बंद: सोलापूरच्या छोट्या परमिट रूमला तासभर वाढवून मिळू शकतो का?

१ ऑक्टोबर २०२५ ला राज्याच्या उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागानं एक शासन निर्णय काढला. दुकानं, हॉटेलं, खानावळी आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास सुरू ठेवता येतील, स्थानिक प्रशासन किंवा पोलिसांनी त्यांना विनाकारण अडवू नये, असा त्याचा सार. लगेच मोबाईलवर मेसेज फिरायला लागले, 'आता महाराष्ट्रात रात्रभर सगळं चालू'. पण त्याच आदेशात एक अपवाद होता आणि मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या बहुतेकांनी तो वाचलाच नाही. परमिट रूम, बिअर बार, वाईन शॉप आणि दारू मिळते अशी इतर ठिकाणं यातून वगळली होती.

म्हणजे सोलापुरात पहाटे तीनला चहा-पोहे विकायला कायद्याची आडकाठी नाही. त्याच गल्लीतल्या परमिट रूमला मात्र दीड वाजता शटर ओढावं लागतं.

समजा, जुळे सोलापुरात आठ टेबलांचं एक छोटं परमिट रूम आहे. खासियत मासे. सुरमई-बांगडा किनाऱ्यावरून बर्फात येतो, रोहू-कटला-चिलापी उजनीचा. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. डीजे नाही, स्टेज नाही, गिऱ्हाईक बहुतेक आसपासचंच. मालकाच्या मनात आलं की आपल्याला तासभर वाढवून मिळावा, तर त्यानं अर्ज कुठे करायचा?

उत्तर असं की, असा अर्ज करायची सोयच नाही. आणि गंमत म्हणजे त्याच्या शेजाऱ्याला 'हे बार तासभर आधी बंद करा' असं म्हणायचं असेल, तर त्याचीही सोय नाही.

वेळ परवान्याची नाही, हद्दीची

महाराष्ट्रात बसून दारू प्यायची सोय असलेल्या हॉटेलला राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून 'एफएल-३' परवाना घ्यावा लागतो. बोलीभाषेत परमिट रूम म्हणतात ते हेच. या परवान्याची बंद होण्याची वेळ बार केवढा आहे, कुठल्या रस्त्यावर आहे, तिथे गाणी वाजतात का, यावर ठरत नाही. ती ठरते एकाच गोष्टीवर. तुम्ही पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहात की बाहेर?

आयुक्तालयाच्या हद्दीत रात्री दीडपर्यंत. बाकी सगळीकडे साडेअकरापर्यंत.

सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे जुळे सोलापूरच्या बारला दीड वाजेपर्यंतची मुभा मिळते. बार्शी, पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट हे सगळं ग्रामीण पोलिसांकडे. लाखाहून जास्त वस्ती असलेल्या बार्शीतल्या परमिट रूमला साडेअकरा आणि हद्दीच्या आत, शहराच्या अगदी टोकाला, शेताच्या बांधाला लागून असलेल्या बारला दीड. दोन तासांचा फरक. तो कुणी गिऱ्हाईक मोजून किंवा शेजाऱ्यांची झोप बघून ठरवलेला नाही. पोलिसांच्या नकाशावरची रेघ जिथे पडली, तिथे तो पडला.

या रेघेचा परिणाम सरळ आहे. साडेअकराला बाहेरचं बंद झालं की ज्याला अजून बसायचंय तो गाडी काढतो आणि शहराकडे येतो. प्यायलेल्या माणसानं रात्री पुणे-हैदराबाद हायवेवर यावं असं कुणालाच वाटत नाही, पण दोन वेगळ्या वेळा नेमकं त्यालाच आमंत्रण देतात. रक्तात १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. चालत घरी जाता येईल असा गल्लीतला बार या बाबतीत हायवेवरच्या ढाब्यापेक्षा बरा. पण नियमाला दोघांतला फरक दिसत नाही.

मुळात कायदाच 'बंदी'चा

वेळेबद्दल सरकार इतकं ताठर का, हे समजायला कायद्याचं नाव बघावं. महाराष्ट्रात दारूचा सगळा कारभार १९४९ च्या दारूबंदी कायद्यावर चालतो. कागदोपत्री आजही दारू पिण्यासाठी पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. देशीसाठी दोन रुपयांचा आणि विदेशीसाठी पाच रुपयांचा एक दिवसाचा, नाहीतर हजार रुपयांचा आजीवन. बिअर-वाईनसाठी वय २१ हवं आणि व्हिस्की-रमसाठी २५. किती जण खिशात परवाना घेऊन बसतात, हे कुठल्याही परमिट रूममध्ये शनिवारी डोकावलं की कळतं.

हा कायदा १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेला आणि काही तरतुदी सोडून टिकला. पुढच्या निकालांनी स्पष्ट केलं की दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्क नाही. बंदी हा नियम आणि परवाना ही सवलत, मग वेळ वाढवणं म्हणजे सवलतीवर सवलत. किराणा दुकानदार 'माझा व्यवसायाचा हक्क' म्हणू शकतो, बारमालक त्याच जोरात म्हणू शकत नाही.

दुसरा कायदा कामगार खात्याचा. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दुकानांच्या वेळेची बंधनं काढली, पण काही प्रकारच्या आस्थापनांच्या वेळा ठरवायचा अधिकार सरकारकडे ठेवला. १९ डिसेंबर २०१७ च्या अधिसूचनेत परमिट रूम, बिअर बार, दारूची दुकानं आणि थिएटरं अशी यादी आली. जानेवारी २०२० मध्ये थिएटरं यादीतून बाहेर पडली, बार राहिले. मुंबईत २७ जानेवारी २०२० पासून 'नाईट लाईफ' सुरू झालं तेव्हासुद्धा मॉल आणि खाण्याची ठिकाणं रात्रभर, बार मात्र दीडलाच बंद, असंच ठरलं होतं. ऑक्टोबर २०२५ चा आदेश त्याच वाटेनं गेला.

सवलत मिळते ती वर्षातून तीन रात्री. नाताळ आणि थर्टीफर्स्टसाठी, म्हणजे २४, २५ आणि ३१ डिसेंबरला, गृह विभाग वेळ वाढवतो आणि परमिट रूम पहाटे पाचपर्यंत चालू शकतं. तेव्हा मात्र बार्शीचा साडेअकरावाला आणि सोलापूरचा दीडवाला दोघेही पाचला एकत्र येतात. उलट बाजूनं, कायदा-सुव्यवस्थेसाठी बार बंद ठेवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे कायम असतो. आषाढी वारीत पंढरपूर आणि पालखी मार्गावर दारूविक्री बंदीचे आदेश निघतात, ते याच अधिकारातून.

दुसरीकडे कसं करतात?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ चा परवाना कायदा नोव्हेंबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. तिथे सरसकट वेळ नाही. प्रत्येक पब किंवा बार आपल्याला किती वाजेपर्यंतची वेळ हवी ते लिहून स्थानिक नगरपालिकेकडे अर्ज करतो. दारावर निळ्या कागदाची नोटीस २८ दिवस लावावी लागते. त्या काळात शेजारी, पोलीस, आरोग्य खातं कुणीही लेखी म्हणणं मांडू शकतं. मग समिती बसते आणि चार गोष्टी बघते: गुन्हेगारी, लोकांची सुरक्षितता, आसपासच्यांना होणारा त्रास आणि लहान मुलांचं संरक्षण. बऱ्याचदा निकाल 'हो' किंवा 'नाही' असा नसतोच. 'तासभर वाढवा, पण अकरानंतर बाहेरची टेबलं आत घ्या, खिडक्या लावा, शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी' अशा अटी येतात. आठ टेबलांचं माशांचं हॉटेल आणि तीनशे लोकांचा डान्स फ्लोअर यांना तिथे एकाच मापानं मोजत नाहीत.

सोलापूरच्या शेजाऱ्याकडे काय आहे? ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा. पण त्रास फक्त स्पीकरचा नसतो. दीड वाजता बाहेर रेंगाळणारी माणसं, गाड्यांचे हॉर्न, कोपऱ्यावरची बाचाबाची, याला डेसिबलचं मीटर कोण लावणार?

त्यापुढचं हत्यार एकदम टोकाचं आहे. २००८ च्या आदेशानं आलेलं 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान. २५ टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीवर पडली तर दारूची दुकानं बंद. या मतदानानं राज्यातल्या अनेक गावांत बायकांनी दारू हद्दपार केली, त्यामागचं दुःख खरं आहे आणि हा अधिकार राहायलाच हवा. पण शहरातल्या वॉर्डात, जिथे तक्रार फक्त 'बारा वाजता बंद करा' एवढीच आहे, तिथे हे सुरीच्या कामाला कुऱ्हाड काढण्यासारखं. मार्च २०२५ मध्ये उत्पादन शुल्क खातं तेव्हा सांभाळणारे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात नवं दारू दुकान किंवा बिअर शॉपी काढायची तर सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल. तेही दुकान येण्यापुरतं. एकदा आलेल्याच्या वेळेबद्दल शेजाऱ्याला विचारायची जागा त्यातही नाही.

मग प्रत्येक बारला वेगळी वेळ द्यावी का?

इथे गाडी अडते. सरसकट वेळेचा एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे तिच्यावर घासाघीस होत नाही. प्रत्येक बारची वेळ कुणा अधिकाऱ्याच्या सहीवर ठरायला लागली, तर त्या सहीचा भाव ठरायला किती वेळ लागेल? मार्च २०२१ मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर बार-हॉटेलांकडून वगैरे महिन्याला १०० कोटी वसूल करायला सांगितल्याचा आरोप केला होता. देशमुखांनी तो फेटाळला, पण पद सोडावं लागलं. आरोप खरा-खोटा बाजूला ठेवला तरी बार हा धंदा हप्त्यासाठी किती सोपा समजला जातो, हे त्या पत्रानं सगळ्यांना दिसलं. त्यामुळे वेगळी वेळ द्यायचीच तर ती बंद खोलीत नको. जाहीर नोटीस, शेजाऱ्यांची सुनावणी, लेखी कारणं आणि ठरावीक मुदत हवी. एवढं नसेल तर आत्ताचा ठोकळेबाज नियम परवडला.

वेळ वाढली की मारामाऱ्या वाढतात का, हाही प्रश्न आहेच. नॉर्वेतल्या १८ शहरांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की बंद होण्याची वेळ एका तासानं वाढली की हल्ल्यांच्या घटना साधारण १६ टक्क्यांनी वाढल्या. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात २००८ साली वेळा कमी केल्यावर रात्रीचे हल्ले जवळपास एक तृतीयांशानं घटले. हे आकडे मध्यरात्रीनंतर गर्दी करणाऱ्या भागांचे आहेत, आठ टेबलांच्या हॉटेलचे नाहीत. पण सरसकट सगळ्यांना तास वाढवा म्हणणाऱ्यांना ते ओलांडून जाता येणार नाही. आपल्याकडे १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी तो बारमध्ये बसला होता. त्या प्रकरणात वेळेपेक्षा वय तपासलं न जाणं हा मोठा दोष होता. तरी त्यानंतर 'बारची वेळ वाढवा' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही नेत्याला जड जाणार, हे उघड आहे.

मालकांची बाजू पैशाची. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. २०२५-२६ साठी परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढलं. जून २०२५ मध्ये विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. याच्या निषेधात १४ जुलै २०२५ ला राज्यातल्या बारमालकांनी बंद पाळला. भाडं, वीज, बर्फ, आचाऱ्याचा पगार हे खर्च साडेअकराला थांबलं काय आणि साडेबाराला थांबलं काय, फारसे बदलत नाहीत. त्यामुळे वाढलेल्या तासातला गल्ला त्यांना सुटकेचा वाटतो.

पण त्या तासात उभं कोण राहणार? या चर्चेत वेटर आणि भटारखान्यातली माणसं कुणाला आठवत नाहीत. २०१७ च्या मूळ कायद्यात दिवसाला ९ तास, जादा कामाला दुप्पट मजुरी, आठवड्याची सुट्टी हे सगळं होतं, पण ते १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ही मर्यादा २० वर न्यायचं आणि रोजचे तास १० करायचं ठरवलं. आठ टेबलांच्या परमिट रूममध्ये सहा-सात माणसं असतात. म्हणजे ज्या छोट्या बारला तास वाढवून द्यायला सगळ्यात कमी हरकत असावी, तिथल्याच कामगाराला कामाच्या तासांचं हे संरक्षण नाही. अटी घालून वेळ वाढवायचीच झाली, तर खिडक्या लावण्याच्या आधी ही अट यायला हवी: रात्रीच्या जादा तासाची दुप्पट मजुरी आणि माणसाला घरी पोचवायची सोय.

सोलापूरपुरतं आणखी एक. कायदेशीर बारची वेळ घटवली की दारू बंद होते, असा समज या जिल्ह्यात तरी टिकणारा नाही. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर कितीही धाडी पडल्या तरी भट्ट्या परत पेटायच्या. २०२१ मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं, ते धाडीसोबत त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचं होतं. हातभट्टीला शटरही नाही आणि परवानाही नाही, त्यामुळे तिला दीडचा किंवा साडेअकराचा नियम लागत नाही.

सध्या तरी जुळे सोलापूरच्या त्या मालकाला एवढंच करता येतं: दीडचा नियम पाळायचा, शेवटची ऑर्डर एकच्या आत घ्यायची आणि डिसेंबरात गृह विभागाचा आदेश निघायची वाट बघायची. बार्शीतल्या मालकाला हीच शेवटची ऑर्डर अकराला घ्यावी लागते.