वेगाचे घाईतले निवाडे

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले एखादे फंक्शन किती वेळात पुरे होते हे जाणावयाचे झाल्यास नवशिका प्रोग्रॅमर जे करतो ते वरकरणी निर्दोष दिसते: आरंभी घड्याळ पाहावयाचे, अखेरीस पुन्हा पाहावयाचे आणि वजाबाकीचा आकडा दप्तरी दाखल करावयाचा. त्या एका आकड्यावर भिस्त ठेवून ‘हे जलद, ते मंद’ असे निवाडे सर्रास दिले जातात, आणि माझी तक्रार आहे ती याच घाईविषयी.

मुळात घड्याळ हा साक्षीदारच पुरता विश्वासू नव्हे. ‘डेट.नाऊ’ संगणकाचे व्यवहारी घड्याळ वाचते, आणि ते मोजणी चालू असतानाच दुरुस्त होऊन मागे सरकले, तर कालावधी ऋण येण्यासही प्रत्यवाय नाही. ‘परफॉर्मन्स.नाऊ’ कधी मागे जात नाही, म्हणून तेच वापरावे हे खरे. परंतु २०१८ च्या जानेवारीत ‘स्पेक्टर’ नावाचा दोष जाहीर झाला, अतिसूक्ष्म कालमापनाच्या आधारे स्मृतीतील गुपिते काढून घेता येतात असे दिसले, आणि ब्राउझरच्या कर्त्यांनी या घड्याळाची सूक्ष्मता बुद्धिपुरस्सर घटविली. तेव्हा क्षणार्धात संपणाऱ्या फंक्शनची एकच फेरी मोजून शून्य आले, तर ते शून्य बहुधा घड्याळाच्या पदरी टाकावे.

मग फेऱ्या वाढवाव्यात, तर निराळाच मामला उभा राहतो. क्रोममधील व्ही-८ इंजिन आरंभी कोडचे ‘बाइटकोड’ या मधल्या रूपात भाषांतर करून ते रूप चालविते आणि एखादे फंक्शन वारंवार बोलाविले जात आहे असे दिसताच त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करते. त्यामुळे पहिली फेरी आणि दहाहजारावी फेरी यांची तुलनाच संभवत नाही. शिवाय फंक्शनने काढलेले उत्तर पुढे कोणीच वापरीत नाही हे कंपायलरच्या ध्यानी आले, तर तो ती सारी आकडेमोड निमूटपणे गाळून टाकू शकतो, आणि न झालेल्या कामाचा वेग पाहून मोजणारा थक्क होतो! मध्येच स्मृतीच्या साफसफाईसाठी इंजिन थबकले, की सरासरी बिघडते ती वेगळीच. म्हणून मध्यगा पाहणे बरे.

गूगलने २०१२ साली काढलेली ‘ऑक्टेन’ ही चाचणी २०१७ साली त्यांनीच निवृत्त केली, ही हकिकत या संदर्भात मला फार बोलकी वाटते. अपेक्षित प्रश्नांवरच भर देणाऱ्या परीक्षार्थींप्रमाणे इंजिने त्या चाचणीत गुण मिळविण्यात तरबेज झाली होती, आणि प्रत्यक्ष संकेतस्थळे उघडताना वेळ कोठे खर्च होतो याचा तिच्याशी मेळ उरला नव्हता.

सेकंदाला साठ चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्रास सोळा मिलिसेकंदांहून किंचितच अधिक अवधी मिळतो. महागड्या लॅपटॉपवर त्यात सहज बसणारे फंक्शन स्वस्त फोनवर त्याच अवधीत मावेल, याची हमी कोणी द्यावी? म्हणून ‘माझा कोड दुप्पट जलद झाला’ असा दावा घेऊन कोणी आला, तर कोणत्या फोनवर, किती फेऱ्यांनंतर, आणि निघालेल्या उत्तराचे पुढे काय केले, एवढी विचारणा केल्यावाचून तो मंजूर करू नये.