चालतंय ना, मग हात कशाला लावता?

"नव्या सर्व्हरवर जुना डेटाबेस बसवून द्या." ही मागणी ऑफिसात येते आणि सुट्टीत पुलगावला आलो की इथेही येते. मशीन नवंकोरं, त्यावर विंडोज सर्व्हर २०१९, आणि हवा असतो एसक्यूएल सर्व्हर २००५! का? तर बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं म्हणे.

आणि बसवूनही देतात हो लोक! सर्व्हिस सुरू होताना इन्स्टॉलर अडकला की सर्व्हिस पॅक ४ वाल्या मशीनवरून दोन फायली आणायच्या, इथे डकवायच्या, रीट्राय दाबायचं. झालं काम! मालक खूश.

माझ्या मते ही त्या मालकाची फसवणूक आहे. २००५ चा सपोर्ट १२ एप्रिल २०१६ ला संपला. आता भोक सापडलं तर बुजवणारं कुणी नाही. पॅच नसला की काय होतं ते २५ जानेवारी २००३ ला जगाने पाहिलं. स्लॅमर नावाचा अवघ्या ३७६ बाइटचा वर्म एसक्यूएल सर्व्हर २००० मधून घुसला आणि त्याने किमान ७५ हजार मशीन धरली, बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच. त्याचा पॅच तर सहा महिने आधीच आलेला होता! शिवाय २००५ ला टीएलएस १.२ कळत नाही, म्हणून नव्या सर्व्हरवर जुनं १.० चालू ठेवायचं. म्हणजे नवं कुलूप घ्यायचं आणि किल्ली दारालाच टांगायची!

पुलगावकरांना हे समजवायला कॉम्प्युटर लागू नये. आर्वीची नॅरोगेज इथवर यायची. तिचा डबा कुणी मुंबई-नागपूरच्या ब्रॉडगेजवर ढकलला का? माल उतरवायचा आणि मोठ्या डब्यात भरायचा, हीच रीत. डेटा हा माल, सॉफ्टवेअर हा डबा.

आणि माल हलवायची सोय आहे. २००५ चा बॅकअप २०१९ मध्ये थेट रिस्टोअर होतो. २००० चा असेल तर मध्ये २००८ आर२ चं स्टेशन घ्यावं लागतं. लहान दुकानाला फुकटातली एक्सप्रेस एडिशन पुरते, तिच्या २०१९ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबी जागा मिळते. '*=' वाले जुने जॉइन मात्र नव्याने लिहावे लागतील. खरं काम ते आहे, आणि पैसे त्याचेच घ्यावेत.

"पण सॉफ्टवेअरवाला गायब आहे, सोर्स कोड नाही!" हे दुखणं खरं, आणि त्यात दुकानदाराचा दोष नाही. दोष विकणाऱ्याचा. अशा वेळी जुनी सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा, इंटरनेट तोडा आणि बंद करायची तारीख कागदावर लिहा. तारीख नसलेली तात्पुरती सोय दहा वर्षं चालते.

त्या टेबलांमध्ये कुणाच्या कापसाचे चुकारे असतात, कुणाची उधारी असते. आपण फायली डकवून निघून जातो, मागे निस्तरतो तो गल्ल्यावरचा माणूस.

बघा, पटतंय का.